वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेमचे जुने मशीन, खारी हवा आणि घरची दुरुस्ती

नव्वदच्या दशकात एस.टी. स्थानकाजवळच्या आणि बाजारपेठेतल्या पार्लरमध्ये उभी असणारी व्हिडिओ गेमची मशीन आज कोकणात कुणाच्या पडवीत, कुणाच्या माळ्यावर, तर कुणाच्या गोदामात पडून आहेत. लहानपणी ज्यांनी त्यांत रुपये घातले, तेच आता ती घरी आणून पुन्हा चालू करू पाहत आहेत. त्यांच्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी माझा आग्रह एकच आहे. मशीनमध्ये जो बदल कराल, तो पुढे कधीतरी पूर्ववत करता येईल असा करा. जे कापावेच लागेल ते आधी मोजून, टिपून आणि छायाचित्रे काढून ठेवा.

प्रश्न : मालवणात माझ्या काकांचे पार्लर होते. त्यातील एक मशीन पार्लर बंद झाल्यापासून आमच्या मागील पडवीत उभे आहे. खालची प्लाय फुगून तिचे पापुद्रे सुटले आहेत आणि पाठीमागे वाळवीची माती दिसते. एका बाजूवर पेंटरने हाताने रंगवलेले चित्र मात्र बरेचसे शाबूत आहे. सुतार म्हणतो की हे फेकून द्या, मी नवे करून देतो. आम्ही काय करावे?

उत्तर : नवे कॅबिनेट करणे सोपे आणि बहुधा स्वस्तही पडेल, पण ते आपल्या काकांचे मशीन राहणार नाही. आपल्याकडच्या पार्लरमधली अनेक कॅबिनेट परदेशातून आलेली नव्हती. गावातल्या किंवा शहरातल्या सुतारांनी प्लायवूड आणि सनमायका वापरून, आत रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवून ती तयार केली होती. त्यांची मापे, समोरच्या फळीचा उतार आणि रंगकाम कोणत्याही कंपनीच्या नकाशात सापडणार नाही. ज्या पेंटरने ते चित्र काढले त्याच्या हाताची तेवढीच खूण आता उरली असेल. म्हणून पटाशी हातात घेण्याआधी चित्रावर ट्रेसिंग पेपर लावून त्याच्या बाह्यरेषा उतरवून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात समोरून छायाचित्रे काढा आणि चारही बाजूंची मापे वहीत लिहून ठेवा. रंग सुटत असेल तेथे ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडणे पुरेसे आहे.

फुगलेली प्लाय वाळवली तरी पूर्ववत होत नाही, कारण तिच्या थरांमधला डिंकच सुटलेला असतो. एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तळापासून वर टोचत जा. जेथे त्याचे टोक रुतायचे थांबते, तेथून चार बोटे वर रेघ मारा आणि तेवढाच भाग कापा. बहुतेक मशीनमध्ये जमिनीलगतची वीतभर पट्टीच गेलेली असते आणि वरचा भाग ठणठणीत निघतो. कापलेल्या जागी त्याच जाडीची, आयएस ७१० प्रमाणाची मरीन प्लाय जोडावी. दोन्ही तुकड्यांच्या कडा निम्म्या जाडीपर्यंत उतरवून एकमेकींवर बसवल्या, तर जोड मजबूत होतो आणि वरून लांबी (पुट्टी) भरून घासल्यावर दिसतही नाही. चिकटवण्यासाठी इपॉक्सी वापरावे, कारण नेहमीचा पांढरा डिंक आपल्या पावसाळ्यात सैल पडतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. समुद्राजवळ साध्या लोखंडी स्क्रूला गंज चढायला वेळ लागत नाही आणि त्याभोवतीचे लाकूडही काळे पडून कुजते.

वाळवीची माती नुसती खरवडून काढली तर ती पुन्हा येईल. ती भिंतीतून येते की जमिनीतून, हे आधी शोधून त्या जागेवर औषध मारून घ्या. त्यानंतर मशीनच्या उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण ब्रशने लावून ते पूर्ण वाळू द्या आणि मगच रंगाला हात घाला. ही द्रावणे पाण्यात विरघळतात, त्यामुळे वरून रंग किंवा वॉर्निश नसेल तर ती टिकत नाहीत.

आतली बाजू कोरी ठेवण्याची चूक फार ठिकाणी दिसते. बाहेरून सनमायका आणि आतून उघडी प्लाय असेल तर आतली बाजू ओल पिते, बाहेरची पीत नाही आणि फळी वाकते. आतूनही वॉर्निशचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. मशीनला रबरी किंवा नायलॉनचे पाय लावून ते जमिनीपासून दोन इंच तरी उचलावे. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते, म्हणून मशीन आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळेल इतके अंतर असावे. लाकडाची आणि रंगाची सगळी कामे दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवावीत. मृग लागल्यावर दिलेला रंग वरून वाळल्यासारखा वाटतो, पण आतली ओल अडकून पडते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला फोड येतात.

प्रश्न : माझे मशीन चालू होते, आवाजही येतो. परंतु चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढले गेले आहे आणि त्यातून एक लाट सतत वर सरकत राहते. रत्नागिरीतील मेकॅनिकने ट्यूब काढून एलसीडी बसवण्याचा सल्ला दिला आहे. ट्यूबला हात लावणे धोक्याचे आहे, असेही ऐकले.

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे पिक्चर ट्यूबच्या दोषाची नाहीत. चित्र बाजूंनी आकसणे आणि त्यातून लाट सरकत राहणे, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मॉनिटरच्या सप्लायमधला मोठा फिल्टर कंडेन्सर सुकल्याचा संशय प्रथम घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची असते आणि गेमचे चित्र साधारण ६० हर्ट्झने ताजे होते. सप्लायमध्ये गाळणी नीट झाली नाही की या दोहोंमधला फरक चित्रावर सरकणाऱ्या लाटेच्या रूपाने उमटतो. एक कंडेन्सर सुकला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही फार मागे नसतात, म्हणून मॉनिटरच्या पट्टीवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदमच बदलावेत आणि ते १०५ अंश सेल्सिअसच्या दर्जाचे घ्यावेत. त्याच वेळी ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांवरचे आणि ट्यूबच्या मानेवरील कॉइलच्या कनेक्टरवरचे ड्राय सोल्डर पुन्हा तापवून घ्यावेत. भिंगातून पाहिल्यास पायाभोवती केसासारखी बारीक वर्तुळाकार चीर दिसते. तेच ड्राय सोल्डर.

जुन्या टीव्हीवर हात बसलेला कोणताही मेकॅनिक हे काम करू शकतो. आपल्याकडच्या पाल (पीएएल) पद्धतीच्या टीव्हीची आडवी वारंवारता १५,६२५ हर्ट्झ होती आणि आर्केड, म्हणजे पार्लरच्या मशीनमधल्या, मॉनिटरची साधारण १५.७ किलोहर्ट्झ असते. दोहोंचे घराणे एकच आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे टीव्हीची ट्यूब आर्केड मशीनमध्ये इतकी सहज बसवली गेली.

धोक्याबद्दल आपण ऐकले ते खरे आहे आणि त्यात मला जराही सूट द्यायची नाही. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जी वायर जाते, तिच्यावर चालू स्थितीत वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो. मशीन बंद करून प्लग काढल्यावरही ट्यूबची काच स्वतःच कंडेन्सरसारखी तो दाब धरून ठेवू शकते. सप्लायचा मोठा कंडेन्सर वेगळा. २३० व्होल्टची वीज डीसी झाल्यावर त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट येतात आणि तेही जीव घेण्यास पुरेसे आहेत. ट्यूब डिस्चार्ज करण्याचे काम ज्याने ते पूर्वी केले आहे त्याच्याकडूनच करून घ्या. पहिल्या डिस्चार्जनंतर काही वेळाने थोडा दाब पुन्हा जमा होतो, त्यामुळे ते दोनदा करायला सांगा. ट्यूबची मान पेन्सिलीच्या धक्क्यानेही फुटू शकते, तेव्हा मशीन उचलताना तिला कुणाचा कोपर लागणार नाही याकडे लक्ष असू द्या. अनेक आर्केड मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मॉनिटरला घरच्या विजेच्या थेट जोडणीपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतो. तो जागा अडवतो म्हणून कुणी काढून टाकला असेल तर तो परत बसवल्याशिवाय मशीन चालू करू नये.

एलसीडीला माझा सरसकट विरोध नाही. ट्यूबची मान फुटली असेल किंवा ट्यूब इतकी थकली असेल की चित्र कायमच अंधुक येते, तर दुसरा मार्ग नाही. मात्र त्या काळातले गेम ट्यूबसाठीच काढलेले होते. ‘स्ट्रीट फायटर २’चे पूर्ण चित्र अवघ्या ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचे आहे, आणि ट्यूबवर त्या ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळून चेहऱ्याला जी गोलाई येते ती एलसीडीच्या सपाट चौकोनांत येत नाही. एलसीडी लावायचाच झाला तर चारास तीन प्रमाणाचा घ्या, जुन्याच भोकांना बसेल अशी लाकडी चौकट करून तिच्यावर तो लावा आणि ट्यूब कोरड्या जागी, काच खाली आणि मान वर करून जपून ठेवा. चौकट काढली की मशीन जसे होते तसे झाले पाहिजे.

प्रश्न : मुंबईहून निओ जिओ या गेम-यंत्रणेचा बोर्ड (गेम चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) आणला. देवगडला आणून उघडला तर बॅटरीच्या आसपास हिरवट-निळा थर दिसला. बोर्ड चालू करताना कधी चालतो, कधी चालत नाही. तो वाचेल का?

उत्तर : वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण आजच हात घालावा लागेल. एसएनके कंपनीच्या निओ जिओ एमव्हीएस बोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. तिच्यातून गळणारा क्षार तांब्याच्या रेघा खातो, आणि आपल्या दमट हवेत तो वेगाने पसरतो. प्रथम बॅटरी काढून टाका. नंतर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने थर हळूहळू पुसा. व्हिनेगर क्षाराचा प्रभाव मारते, परंतु ते स्वतः आम्ल असल्याने तसेच ठेवता येत नाही. लगेच डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा धुऊन वाळवा. मग हिरवा मुलामा जेथे काळवंडलेला किंवा उचललेला दिसेल, तेथली प्रत्येक रेघ मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. तुटलेली रेघ बारीक एनॅमल तारेने जोडता येते.

या बोर्डवरची बॅटरी नसली तरी खेळ चालतो. फक्त तारीख, सेटिंग आणि गुण यांची नोंद राहत नाही. कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीच्या सीपीएस-२ बोर्डची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. तेथे बॅटरी गेमचे कुलूप उघडणारी किल्ली स्मृतीत धरून ठेवते, आणि बॅटरी काढली किंवा संपली की गेम सुरूच होत नाही. ज्या १९९३ च्या गेमला आपल्याकडची मुले ‘मुस्तफा’ म्हणत, त्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चा मूळ बोर्डही असाच बॅटरीवर अवलंबून आहे. म्हणून कोणता बोर्ड हातात आहे हे निश्चित झाल्याशिवाय बॅटरीला चिमटा लावू नका.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधील पुरात चिपळूण येथील आमच्या दुकानातले मशीन बुडाले. नंतर ते धुऊन ठेवले, पण बोर्ड मेला आहे असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. आता त्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवून गेम चालवावा असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आपल्या बाबतीत योग्य आहे. बोर्ड खरोखर गेला असेल तर मशीन रिकामे ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय एकाच मशीनमध्ये एक गेम काढून दुसरा घालणे ही या धंद्याची जुनीच रीत होती. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ‘जामा’ ही जोडणीची पद्धत ठरवली. तिच्यात बोर्डच्या कडेला ५६ टोके असतात, एका बाजूस २८ आणि दुसऱ्या बाजूस २८, आणि दोन शेजारच्या टोकांमधले अंतर ३.९६ मिलिमीटर असते. वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, बटणे आणि नाण्याचा स्विच या सर्वांच्या जागा ठरलेल्या असल्याने पार्लरवाला जुना बोर्ड ओढून काढी आणि त्याच कनेक्टरमध्ये नवा बसवी.

आपणही तो कनेक्टर कापू नका, एवढीच माझी विनंती आहे. रास्पबेरी पायला जामा कनेक्टर जोडून देणारे तयार ॲडॉप्टर मिळतात. त्यांतले जे पंधरा किलोहर्ट्झचे चित्र देतात ते जुन्या ट्यूबवरही चालतात, आणि उद्या मूळ बोर्ड सापडला तर पाच मिनिटांत अदलाबदल होते. जॉयस्टिकच्या तारा तोडून त्या यूएसबी एन्कोडरला (जॉयस्टिक आणि बटणे थेट संगणकाला जोडणाऱ्या पट्टीला) लावणे स्वस्त असते खरे, पण ते केल्यावर परतीची वाट बंद होते. पुरात बुडालेल्या तारांचे तांबे आवरणाखाली काळे पडलेले असते आणि त्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून जामाची वायरिंग मात्र पूर्ण नवी घ्या. कनेक्टर उलटा बसू नये यासाठी सातव्या टोकाच्या जागी एक आडवी पट्टी घालतात. ती नसेल तर आधी ती घाला. पाच व्होल्ट तिसऱ्या आणि चौथ्या टोकावर येतात. ते सप्लायवर न मोजता बोर्डच्या कडेलाच मोजावेत, कारण लांब तारेत काही दाब वाटेतच खर्च होतो. रास्पबेरी पायची स्वतःची टोके ३.३ व्होल्टची आहेत. ॲडॉप्टरशिवाय त्यांना पाच व्होल्ट दिल्यास तो जळतो.

आपल्याकडे वीज अचानक जाते आणि अशा वेळी मेमरी कार्डवर काही लिहिले जात असेल तर कार्ड बिघडते. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम हा पर्याय आहे. सगळे गेम बसवून झाल्यावर तो चालू केला की कार्डवर काही लिहिले जात नाही आणि मशीन थेट स्विचने बंद केले तरी चालते.

प्रश्न : गेमच्या फाइल इंटरनेटवरून उतरवून घरी खेळणे कायद्याने चालते का? गुहागरला आमच्याकडे गणपतीत मुलांसाठी मशीन ठेवायचे आहे.

उत्तर : घरी खेळण्यासाठी म्हणून उतरवले तरी दुसऱ्याच्या मालकीच्या गेमची परवानगीशिवाय केलेली प्रत कायदेशीर होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅमला संरक्षण आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे वैध मार्गाने आहे, त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत करण्याची मुभा कायदा देतो. दुसऱ्याच्या प्रतीला ती मुभा लागू नाही. काही गेम त्यांच्या हक्कदारांनी बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोकळे केले आहेत आणि जुने पार्लरचे गेम संगणकावर चालवणाऱ्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम (एमएएमई) प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ते मिळतात. १९८१ चा ‘रॉबी रोटो’ त्यांपैकी एक. अनेक जुने गेम कंपन्यांनी पुन्हा विक्रीसही काढले आहेत. मुलांसाठी तेवढे पुरेसे ठरतील.

प्रश्न : जॉयस्टिक नवी बसवली, तरी ‘पॅकमॅन’मध्ये वळणावर पात्र अडकते. बिघाड कुठे असावा?

उत्तर : बिघाड नसावा. १९८० चा हा गेम चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी केलेला आहे आणि आपण आठ दिशांची बसवली असावी. तिच्या तळाशी फिरवता येणारी प्लॅस्टिकची तबकडी असते; ती चार दिशांवर फिरवली की तिरपी हालचाल बंद होईल.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचे घर उंचवट्यावर आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार होतात. मशीनला काय संरक्षण द्यावे?

उत्तर : गडगडाट ऐकू येताच प्लग भिंतीतून ओढून काढणे हाच खात्रीचा उपाय आहे, नुसता स्विच बंद केल्याने भागत नाही. स्टॅबिलायझर कमी-जास्त दाब सांभाळतो, पण जवळ पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही. अर्थिंग मात्र अवश्य तपासून घ्या. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्याअखेरीस ओल उरत नाही आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. त्यात कोळसा आणि मीठ भरून घ्यावे आणि मार्चनंतर अधूनमधून पाणी घालावे. धातूचे कंट्रोल पॅनेल आणि मॉनिटरची चौकट दोन्ही अर्थला जोडलेली असावीत, कारण मुले ओल्या हातांनी आणि अनवाणी खेळतात.

पावसाळ्याचे चार महिने मशीन बंद ठेवणे त्याला सोसत नाही. दोन-तीन दिवसांनी तासभर चालवले तर आतल्या उबेने ओल निघून जाते. ते जमत नसेल तर आत पंधरा वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, लाकडापासून आणि तारांपासून दूर, जाळीत बसवून लावून ठेवता येतो. ऊब आली की पाली येतात. सप्लायच्या झरोक्यातून आत शिरलेली पाल स्वतः मरते आणि सप्लायही घेऊन जाते, म्हणून प्रत्येक झरोक्याला आतून बारीक स्टेनलेस जाळी लावा. बोर्डच्या कडेवर हिरवा गंज दिसल्यास पांढऱ्या खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेथे पॉलिश पेपर कधीही वापरू नये. वरचा मुलामा गेला की पुढचा गंज दुप्पट वेगाने येतो.

प्रश्न : अलिबागच्या एका जुन्या पार्लरमधले मशीन घेतले आहे. सगळे चालते, पण नाण्याच्या खाचेत आजचा रुपया टाकला की तो गेम न देता खाली पडतो. खाच बंद करून बटण लावू का?

उत्तर : खाच बंद करू नका. १९९२ पासून चालू असलेला स्टेनलेस स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता, तर २०११ पासून निघालेला साधारण २२ मिलिमीटरचा आहे. यांत्रिक कॉइन मेक, म्हणजे खाचेमागची नाणे तपासणारी यंत्रणा, नाणे त्याच्या व्यासावरून, जाडीवरून आणि वजनावरून ओळखते. लहान नाणे आधाराच्या दोन कडांवर टेकत नाही आणि नाकारलेल्या नाण्यांच्या वाटेने निघून जाते. जुने २५ मिलिमीटरचे रुपये जमवून एका डबीत मशीनजवळ ठेवणे सर्वांत सोपे आहे. ते मिळाले नाहीत तर नमुन्याचे नाणे बसवून तुलना करणारे इलेक्ट्रॉनिक कॉइन मेक त्याच चौकटीत लावता येते. परदेशी बनावटीचे यांत्रिक मेक असेल तर त्यातले छोटे चुंबकही पाहा. लोखंडी चकत्या अडवण्यासाठी ते ठेवलेले असते आणि आपला स्टीलचा रुपयाही त्याला चिकटतो. ते काढून पुडीत बांधा आणि पुडी मशीनच्या आतच स्क्रूने लावून ठेवा. नाण्याखालच्या मायक्रोस्विचची बारीक तार वाकलेली असेल तर ती चिमट्याने इतकीच सरळ करा की नाणे पडताना एकदाच क्लिक ऐकू येईल. दोनदा आली तर मशीन एका रुपयात दोन गेम देईल.